कल्याणची लेखणी आणि रोझेलचें टपाल

कल्याण म्हटलें म्हणजे आज बहुतेकांना आठवतें तें आगगाडीचें जंक्शन. एक फांटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. सकाळची गर्दी, हातांत डबा, आणि गाडी चुकली तर दिवस चुकला. परंतु १८५४ सालीं आगगाडी येथें येऊन पोंचली, त्याच्या सुमारें अठराशें वर्षें आधीं हें गांव परदेशच्या लोकांना ठाऊक होतें. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक जाणणाऱ्या दर्यावर्द्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जी वही लिहून ठेवली आहे, तींत ‘कल्लिएना’ हें नांव आहे. तो लिहितो कीं, पूर्वी हें बंदर कायदेशीर बाजारपेठ होतें. पुढें राज्य बदललें आणि येथें चुकून लागलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेऊं लागले. सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाचा दुसरा एक प्रवासी ‘कल्लियाना’ येथील तांबें, लांकूड आणि कापड यांचा उल्लेख करतो आणि इराणांतून नेमून आलेला एक ख्रिस्ती धर्माधिकारी तेथें राहत असल्याचें सांगतो.

ज्या खाडीच्या कांठीं ग्रीक, इराणी आणि कोंकणी माणसें समोरासमोर बसून सौदा करीत, तेथें भाषा कशी शिकली जात असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. व्याकरण घोकून ती खास शिकली गेली नसेल. समोर गिऱ्हाईक उभें आहे, त्याला आपला माल हवा आहे, आणि त्याचें नाणें आपल्याला हवें आहे; एवढ्या गरजेवर माणूस पंधरा दिवसांत शंभर शब्द उचलतो. आज ज्या गोष्टीविषयीं मी बोलणार आहें, तिचें बीज इतकेंच आहे. मात्र त्या गोष्टींत समोर कोणी उभें नव्हतें. ऐकणारें माणूस दोन समुद्रांपलीकडे होतें, आणि मधें होतें तें टपालाचें पाकीट.

गोष्ट डॉ. आनंदीबाई जोशी यांची. त्यांची डॉक्टरी सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झालें, चित्रपट झाला. परंतु त्या इंग्रजी कशा शिकल्या, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक डॉक्टरी ही पुढची पायरी. कल्याणांत वाढलेल्या ज्या मुलीला नवव्या वर्षीं अक्षरओळख जेमतेम होती, ती अठरा वर्षें पुरीं होण्याच्या आधीं बंगालमधील एका भरसभेंत इंग्रजी भाषण करते, हें मधल्या नऊ वर्षांत घडलें कसें?

त्यांचें माहेरचें नांव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणें कल्याणच्या जोशांचें, एके काळीं वैभवांत असलेलें आणि नंतर उतरती कळा लागलेलें. १८७४ सालीं यमुनेचें लग्न गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. गोपाळराव बिजवर, वयानें सुमारें वीस वर्षांनीं मोठे, आणि टपालखात्यांत कारकून. बायकोला शिकवायचें हा त्यांचा ध्यास, आणि तेंहि संस्कृत नव्हे तर इंग्रजी. लोकहितवादींच्या शतपत्रांचा संस्कार त्यांच्या मनावर होता. ध्यास खरा, पण त्याची रीत भयंकर होती. पुढें अमेरिकेंतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं तें सारें स्पष्ट लिहून ठेवलें आहे: लहानपणीं मोडक्या लांकडाचा मार, अंगावर फेकलेलीं पुस्तकें आणि खुर्च्या, सोडून जाण्याच्या धमक्या. आणि हें सारें लिहून झाल्यावर, तुमचें हें वागणें चांगलें कीं वाईट हें ठरविणें मला कठीण जातें, असेंहि त्यांनीं म्हटलें आहे.

गोपाळरावांचा गौरव करतांना आपण हा भाग घाईनें ओलांडून जातों. मला तें बरोबर वाटत नाहीं. भीतीनें मूल अक्षरें गिरवूं लागतें, धडे म्हणूंहि लागतें. परंतु भीतीनें शिकलेली भाषा शिक्षकाची पाठ वळतांच मुकी होते. आनंदीबाईंची इंग्रजी मुकी झाली नाहीं. म्हणजे तिला दुसरें कांहीं तरी बळ मिळालें असलें पाहिजे.

तें शाळेंतून मिळालें म्हणावें, तर तसेंहि दिसत नाहीं. कोल्हापूर आणि मुंबई येथें त्या कांहीं काळ शाळेंत गेल्या. पुस्तकें हातांत घेऊन रस्त्यानें चालणारी ब्राह्मणाची सून पाहून लोक भोंवतीं जमत, टवाळी करीत, कोणी थुंकत. ही हकीगत त्यांनीं पुढें स्वतः सभेंत सांगितली. पोटचें एक मूल चौदाव्या वर्षीं झालें आणि दहा दिवसांत गेलें. योग्य उपचार मिळाला नाहीं, हें शल्य त्यांच्या मनांत कायमचें राहिलें. त्यांतच गोपाळरावांच्या बदल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, आणि अखेर कलकत्त्याजवळ बराकपूर व श्रीरामपूर. जेथें जावें तेथें नवी भाषा, नवे शेजारी, आणि तींच कुजबुज.

आतां टपालाकडे वळूं. १८७८ च्या सुमारास गोपाळराव कोल्हापुरास होते. कोल्हापुरांत पूर्वी मिशन चालविलेले रॉयल वाइल्डर नांवाचे अमेरिकन पाद्री तेव्हां स्वदेशीं परतून प्रिन्स्टन येथें मिशनकार्यासंबंधीं एक मासिक काढीत होते. बायकोला अमेरिकेंत शिकवायचें आहे, मला तिकडे कांहीं कामधंदा मिळेल काय, अशा आशयाचें गोपाळरावांचें पत्र त्यांच्यापर्यंत गेलें. उत्तर आलें तें धर्मोपदेशाचें. ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पाहूं, असा त्याचा अर्थ. गोपाळरावांना तें मान्य होणें शक्य नव्हतें. वाइल्डर यांनीं मूळ पत्र आणि आपलें उत्तर दोन्हीं मासिकांत छापलीं, आणि प्रकरण संपलें असें कोणालाहि वाटलें असतें.

१८८० सालीं न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल या गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई दांताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर तें जुनें मासिक पडलें होतें. त्यांनीं तें चाळलें आणि हीं दोन पत्रें वाचलीं. नवरा बायकोला शिकविण्यासाठीं धडपडतो आणि त्याला उत्तर मिळतें तें असें, हें त्यांच्या मनाला लागलें. घरीं जाऊन त्यांनीं हिंदुस्थानांत पत्र धाडलें. धर्माची अट त्यांत नव्हती. अमेरिकेंत आल्यास माझें घर तुम्हांला मोकळें आहे, एवढा ओलावा होता.

यांत योगायोग आहेच. परंतु योगायोगाला वाट लागते, आणि ती वाट त्याच सुमारास बांधली गेली होती. १८५४ सालीं हिंदुस्थानांत अर्ध्या आण्याचें एकसारखें टपाल सुरू झालें. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला. १८७४ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं राष्ट्राराष्ट्रांचा टपालसंघ स्थापन झाला आणि १८७६ सालीं हिंदुस्थान त्यांत सामील झाला. पूर्वी परदेशीं पत्र पाठवायचें म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक देशाचा आकार निराळा मोजावा लागे. तो घोळ संपला. कल्याणच्या माणसानें टाकलेलें पत्र आगगाडीनें मुंबईस, बोटीनें एडन-सुएझच्या वाटेनें युरोपांत, आणि अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जाऊं लागलें. एका बाजूला महिन्याहून अधिक काळ लागे. प्रश्न विचारून उत्तर हातीं पडेपर्यंत अडीच-तीन महिने सहज जात. टपालकारकुनाच्या घरांत या साऱ्याची माहिती असणें अगदींच स्वाभाविक होतें. दुसऱ्या कोणत्या घराला तें पत्र टाकण्याचें धाडस झालें असतें कीं नाहीं, मला शंका आहे.

आणि मग आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आणि मुलाबाळांची एक अमेरिकन गृहिणी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. पत्रांतून हिंदूंचे आचार आले, धर्म आला, बालविवाह आला आणि त्यानें बायकांच्या प्रकृतीची होणारी हानि आली. आनंदीबाईंची प्रकृति तेव्हांपासूनच खालावलेली. डोकें दुखणें, ताप, अशक्तपणा. मावशीनें अमेरिकेंतून औषधें पाठविलीं. त्यांचा गुण आला नाहीं. पण आपल्या डोकेदुखीची कोणी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला चिंता करतें, ही जाणीव कांहीं लहान नव्हे.

भाषा शिकणाऱ्याच्या दृष्टीनें हीं पत्रें काय होतीं, हें जरा थांबून पाहिलें पाहिजे. पाठ्यपुस्तकांतील वाक्य कोणाचेंच नसतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें महाराष्ट्राच्या पिढ्यानपिढ्यांना इंग्रजी शिकविलें, तिचे उपकार मोठे आहेत. परंतु त्यांतील वाक्याचें भाषांतर केल्यावर त्याला उत्तर देणारें कोणी नसतें. पत्राचें तसें नाहीं. सोंवळें म्हणजे काय, श्राद्ध कां करतात, सासर आणि माहेर यांत फरक काय, हें मावशीला सांगायचें, तर कोणताहि कोश तयार उत्तर देत नाहीं. ‘माहेर’ या शब्दाला इंग्रजींत शब्द नाहीं. तेव्हां शब्दाऐवजीं वाक्य शोधावें लागतें, एक वाक्य पुरेना म्हणून दुसरें. आणि तें करतांना मुलीला परकी भाषा तर येतेच, पण आपल्या घरांतील ज्या गोष्टींकडे तिनें कधीं वळून पाहिलें नव्हतें, त्या तिला प्रथमच दिसूं लागतात. शिकणारी व्यक्ति येथें केवळ विद्यार्थिनी राहत नाहीं. तिला जें ठाऊक आहे तें समोरच्याला ठाऊक नाहीं, म्हणून ती एकाच वेळीं शिष्या आणि गुरु होते. माझ्या मतें सारें मर्म येथेंच आहे.

दुसरी एक सोय पत्रांत होती. पत्राला रस्त्यानें चालत जावें लागत नव्हतें. शाळेच्या वाटेवर उभे राहून थुंकणारे लोक पाकिटाच्या आंत पोंचूं शकत नव्हते. चुकलेलें वाक्य खोडून पुन्हां लिहितां येई, आणि तें चुकलें होतें हें रोझेलला कधींच कळत नसे. लाजणाऱ्या शिकाऊ माणसाला एवढा आडोसा पुरेसा होतो. टपालाचा दिवस ठरलेला असल्यामुळें आळसाला मात्र जागा नव्हती. घरांत मोडकें लांकूड घेऊन बसलेल्या गुरूनें जें साधलें नसतें, तें आठवड्याच्या डाकेनें साधलें.

अर्थात् गोपाळरावांच्या आरंभीच्या शिकवणीवांचून पहिलें पत्र वाचतांहि आलें नसतें, हेंहि खरें. मी दोन्ही गोष्टी मांडतों. तराजू श्रोत्यांच्या हातीं आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहांत आनंदीबाई बोलावयास उभ्या राहिल्या. अमेरिकेस जाण्याचा बेत जाहीर होतांच गांवांत चर्चेला ऊत आला होता, म्हणून त्यांनीं लोकांचेच सहा प्रश्न घेऊन त्यांचीं उत्तरें दिलीं: अमेरिकेसच कां जातां, हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय, एकट्या कां जातां, परत आल्यावर वाळींत पडाल त्याचें काय, कांहीं अरिष्ट आलें तर काय कराल, आणि जें कोणा बाईनें केलें नाहीं तें तुम्ही कां करावें. भाषण इंग्रजींत होतें, समोर युरोपियन आणि बंगाली मंडळी होती, आणि बोलणारीचें वय अठराला एक महिना कमी होतें. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हें त्यांनीं तेथें निक्षून सांगितलें. त्या भाषणांतील युक्तिवाद एका रात्रींत तयार झालेला नव्हता. हिंदू बाईचें वागणें परक्याला समजावून सांगण्याचा सराव त्यांनीं दोन-तीन वर्षें चालविला होता, तो पत्रांतून.

पुढचें लवकर सांगतों. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि जून महिन्यांत न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी धक्क्यावर आली होती. जिला केवळ हस्ताक्षरावरून ओळखीत होत्या, तिच्या घरीं त्या रोझेलला राहिल्या आणि नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचल बॉड्ली यांनीं त्यांना मायेनें वागविलें. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनीं प्रबंध लिहिला. जी मुलगी मावशीला पत्रांतून घरचे आचार समजावून सांगत होती, तिनें आपल्या शास्त्रकारांचें प्रसूतिज्ञान अमेरिकन परीक्षकांना त्यांच्याच भाषेंत समजावून सांगितलें. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

त्या कॉलेजांत १८८५ च्या ऑक्टोबरमध्यें काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघी विद्यार्थिनी ओळीनें बसल्या आहेत: नऊवारी लुगड्यांतील आनंदीबाई, किमोनो नेसलेली जपानची केइ ओकामी, आणि सीरियाची सबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखांत. एकीची मातृभाषा मराठी, दुसरीची जपानी, तिसरीच्या देशाची अरबी. एकमेकींशीं बोलण्यास तिघींना मिळून एकच भाषा होती, आणि ती तिघींपैकीं कोणाचीच नव्हती. हें चित्र पाहिलें म्हणजे मला नेहमीं वाटतें कीं, इंग्रजी ही केवळ इंग्रजांशीं बोलण्याची भाषा आहे ही आपली जुनी समजूत त्या बाकावर केव्हांच मोडून पडली होती.

कल्याण-डोंबिवली आणि ठाणें हीं शहरें आज हजारों मुलांना इंग्रजी शाळेंत धाडतात. मुलें गुण मिळवितात आणि बोलावयाची वेळ आली कीं गप्प बसतात. तक्रार जुनी आहे आणि सर्व घरांची आहे. अलीकडे कांहीं शिक्षकांनीं संगणकाच्या पडद्यावरून वर्गाची गांठ परदेशच्या वर्गाशीं घालून देण्याचा मार्ग धरला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामांत परदेशांतील मुलांशीं आपल्या मुलांचा असा संवाद घडवून आणणें हा एक मोठा भाग होता. रोझेलहून उत्तर येण्यास तीन महिने लागत, येथें तें त्याच क्षणीं येतें. वेग वाढला, यांत शंका नाहीं. मात्र पत्रांतील तो आडोसा, खोडून पुन्हां लिहिण्याची ती मोकळीक, पडद्यावर राहत नाहीं. लाजरें मूल तेथेंहि मागच्या बाकावर जाऊन बसतें. म्हणून प्रथम कांहीं महिने पत्रेंच लिहवून घ्यावीं, तोंडें नंतर दाखवावीं, असें मला वाटतें. मुलांना विचारावयास लावावें तेंहि परदेशांतील मुलांना खरोखर ठाऊक नसलेलें असावें. तुझें नांव काय आणि तुझा आवडता रंग कोणता, या प्रश्नांनीं दुसऱ्या भेटीलाच कंटाळा येतो. खाडीच्या चिखलांत निवट्या कसे पकडतात, किंवा दिवाळींत मातीचा किल्ला कां करतात, हें सांगावयास लागलेलें मूल शब्दासाठीं आपण होऊन कोश उघडतें.

आणि हा रस्ता एकेरी नाहीं. आनंदीबाईंची मावशी ज्या न्यू जर्सींत राहत होती, त्याच न्यू जर्सींत आज पुष्कळ मराठी कुटुंबें आहेत. डोंबिवलींत माझ्या परिचयाच्या एका घरीं रविवारीं सकाळीं आजी चष्मा पुसून पडद्यासमोर बसते. पलीकडे तिकडची शनिवारची रात्र असते आणि सात वर्षांची नात मराठी बोलण्यास नाराज असते. आजीला इंग्रजी येत नाहीं, आणि तेंच औषध ठरलें आहे. आई-बाप मराठी बोला म्हणून सांगत, तेव्हां नात इंग्रजींत उत्तर देई, कारण त्यांना दोन्हीं कळतें हें तिला ठाऊक होतें. आजीला मांजराची गोष्ट सांगायची तर मराठीवांचून गत्यंतर नाहीं. परवां तिनें मांजर ‘पडला’ म्हटलें; आजी हंसली, नात चिडली, आणि पुढच्या रविवारीं मांजर ‘पडलें’. शाळेंत नपुंसकलिंग शिकविण्यास यापेक्षां अधिक वेळ लागतो.

आनंदीबाईंची गोष्ट मात्र अशी सुखाची नाहीं. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण काम करण्याइतकें आयुष्य उरलें नव्हतें. क्षयानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. परदेश पाहून आलेली बाई म्हणून तिरस्कार करणारें शहर त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या दाराशीं गर्दी करूं लागलें होतें.

कार्पेंटरबाईंनीं आपल्याजवळचीं पत्रें जपून ठेवलीं होतीं. त्यांच्या आधारें कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनें १८८८ सालीं आनंदीबाईंचें इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलें. पुढें काशीबाई कानिटकरांनीं मराठींत लिहिलें. गोपाळरावांनीं रोझेलला आणखी एक पार्सल धाडलें. त्यांत आनंदीबाईंच्या अस्थि होत्या. मावशीनें त्या न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथील आपल्या घराण्याच्या दफनभूमींत ठेवल्या, आणि वर शिळा बसवून तीवर कल्याणच्या त्या मुलीचें नांव इंग्रजींत कोरविलें.